हृदयातील स्नायुजन्य अवरोध : नामकरण आणि शस्त्रक्रिया यांचा इतिहास

शास्त्रात वस्तू आधी सापडते आणि नाव तिला मागाहून मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळ रोगांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु हृदयाच्या डाव्या निलयाचा स्नायू बाह्य कारणावाचून जाड होऊन रक्ताच्या निर्गमनमार्गात अवरोध उत्पन्न करणारा जो विकार १९५७ नंतरच्या काळात वैद्यकाच्या दृष्टिपथात आला, त्याची हकीकत निराळी आहे. या एका विकाराला वैद्यकीय वाङ्मयात पंचाहत्तरांहून अधिक नावे मिळाली. नावांची ही गर्दी म्हणजे पर्यायशब्दांची हौस नव्हे. प्रत्येक नावात रोगाच्या स्वरूपाविषयी एक विधान दडलेले होते; आणि ज्या शल्यचिकित्सकापुढे रुग्णाचे उघडे हृदय होते त्याने काय कापावयाचे, किंबहुना काही कापावयाचे की नाही, हे बऱ्याच अंशी त्या विधानावर ठरत होते. या विकाराच्या शस्त्रक्रियेचा इतिहास त्याच्या नामकरणाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, तो यामुळे.

विषयप्रवेशापुरती शरीररचना ध्यानात घेणे अवश्य आहे. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त डाव्या अलिंदातून द्विदली झडपेच्या वाटे डाव्या निलयात उतरते. निलय आकुंचन पावला की तेच रक्त महारोहिणीच्या झडपेतून वर फेकले जाते. महारोहिणीच्या झडपेखालचा हा जो बाहेर पडण्याचा बोळ, त्याची एक बाजू दोन निलयांमधील भिंतीची आणि दुसरी बाजू द्विदली झडपेच्या पुढील पाकळीची असते. एक बाजू स्नायूची व स्थिर, दुसरी पातळ व हलती, ही गोष्ट पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहे. प्रौढ माणसात निलयाच्या भिंतीची जाडी साधारणतः १२ मिलिमीटरांच्या आत असते. या विकारात ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, क्वचित ३० मिलिमीटरांच्याही पुढे जाते. ही वाढ बहुधा मधल्या भिंतीच्या वरच्या भागात, म्हणजे नेमकी त्या बोळाच्या तोंडाशी, अधिक होते.

या विकाराच्या तुरळक नोंदी जुन्या आहेत. पॅरिसमध्ये १८६९ साली लिउव्हिल आणि हालोपो यांनी शवविच्छेदनात आढळलेली अशी हृदये वर्णिली. १९०७ साली श्मिंके या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने डाव्या बाजूच्या स्नायुमय अरुंदतेवर स्वतंत्र निबंध लिहिला. १९५२ साली डेव्हिस याने एकाच कुटुंबातील हृद्रोगाचे वर्णन केले. पण या नोंदी एकमेकींना ओळखत नव्हत्या. त्यांना जोडणारे नाव नव्हते, आणि हृदय उघडून आत पाहण्याचे साधनही नव्हते. ते साधन, म्हणजे हृदय-फुप्फुस यंत्र, १९५३ मध्ये गिबन याने प्रथम यशस्वीपणे वापरले. पुढच्या चारपाच वर्षांत जन्मजात दोषांवर आणि अरुंद झालेल्या झडपांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. त्या ओघातच हा विकार शल्यचिकित्सकांच्या हाती अनपेक्षितपणे आला.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील सर रसेल ब्रॉक हे त्यातले पहिले. हृदयाच्या उजव्या बाजूस, फुप्फुसरोहिणीच्या झडपेखाली, स्नायूमुळे होणारी अरुंदता त्यांना चांगली परिचित होती. १९४८ पासून ते तीवर शस्त्रक्रिया करीत आले होते. महारोहिणीची झडप अरुंद झाली असावी या निदानाने त्यांनी हाती घेतलेल्या रुग्णात मात्र झडप अरुंद नव्हती. तिच्याखाली स्नायू जाड झालेला होता. १९५७ साली गाय्ज हॉस्पिटलच्या वृत्तांतात त्यांनी या अवस्थेस ‘डाव्या निलयाचा क्रियात्मक अवरोध’ असे नाव दिले आणि तो अर्जित असल्याचेही शीर्षकातच नमूद केले. यांपैकी ‘अर्जित’ हे विशेषण पुढे टिकले नाही, कारण विकार आनुवंशिक ठरला. ‘क्रियात्मक’ या विशेषणाचे दैव मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ब्रॉक यांच्या मनात त्याचा अर्थ एवढाच होता की अवरोध रचनेत नसून क्रियेत आहे. परंतु वैद्यकीय इंग्रजीत ‘क्रियात्मक’ हा शब्द अनेकदा ‘खरा नव्हे, केवळ भासणारा’ अशा अर्थानेही वापरला जातो. ती दुसरी छाया या नावावर पडली, आणि ती पुसण्यास पुढे बराच काळ लागला.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, लंडनच्याच सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधील न्यायवैद्यक विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी तरुण व्यक्तींच्या आठ हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. आठांपैकी सात मृत्यू आकस्मिक होते. मधली भिंत बेसुमार जाड, बाकीचा निलय त्यामानाने साधा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहता स्नायुतंतूंची मांडणी पार विस्कटलेली, असे ते चित्र होते. टीअर यांनी त्यास ‘असममित अतिवृद्धी’ म्हटले, आणि हा स्नायूचा एक प्रकारचा अर्बुदासारखा दोष असावा अशी शंकाही व्यक्त केली. ब्रॉक यांनी जिवंत हृदयातील दाबाची गोष्ट सांगितली होती, टीअर यांनी मृत हृदयाच्या आकाराची. दोघे एकाच रोगाविषयी बोलत होते, हे दोघांच्या शब्दांवरून कोणालाही कळले नसते. १९६० साली हॉलमन, गुडविन, टीअर आणि रेनविक यांनी एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात ‘अवरोधक हृत्स्नायुविकार’ आणि कंसात ‘असममित अतिवृद्धी’ अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी छापली गेली. परिभाषेच्या इतिहासात कंसाने एवढे मोठे काम क्वचितच केले असेल.

अटलांटिकच्या पलीकडे, बेथेस्डा येथील राष्ट्रीय हृद्रोग संस्थेत, हाच प्रश्न अधिक तीव्र रूपाने उभा राहिला. तेथे शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख अँड्र्यू ग्लेन मॉरो होते आणि हृदयात नळी घालून दाब मोजण्याचे काम यूजीन ब्राउनवाल्ड यांच्याकडे होते. निलयाच्या आतला दाब आणि महारोहिणीतील दाब यांत मोठा फरक आढळला की मध्ये काहीतरी आडवे आहे, झडप अरुंद आहे किंवा तिच्याखाली पातळ पडदा आहे, असे अनुमान काढले जाई. ते रास्तही होते. अशा अनुमानावरून रुग्णाला शस्त्रक्रियेस नेले, हृदय थांबविले, महारोहिणी उघडली. पण झडप निर्दोष निघाली, पडदा नव्हता, आणि शिथिल पडलेल्या निलयातील मार्ग मोकळा होता. मोजणाऱ्याचे आकडे चुकले की पाहणाऱ्याचा डोळा, असा पेच निर्माण झाला. १९५९ मध्ये मॉरो आणि ब्राउनवाल्ड यांनी या अवस्थेवर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकात ‘क्रियात्मक महारोहिणी-संकोच’ हे नाव आणि ‘शारीर अवरोधावाचून प्रवाहास होणारा विरोध’ हे स्पष्टीकरण आहे. दोन्ही बाजू खऱ्या मानून लिहिलेले हे शीर्षक आहे. त्यातला विरोधाभास लेखकांनी झाकला नाही, हे विशेष.

येथे भाषेची अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रजीतील अवरोधवाचक शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ ‘समोर बांधणे, रचणे’ असा आहे. रचलेली वस्तू ही रचणारा थांबला तरी जागच्या जागी असते. म्हणून या शब्दाने विचार करणारा मनुष्य थांबलेल्या हृदयातही ती वस्तू शोधणार, आणि न सापडल्यास अवरोधच नव्हता असे म्हणणार. मराठीत ‘अडथळा’ या शब्दाची प्रकृती अशीच आहे. वाटेत पडलेला धोंडा हा अडथळा, वाटसरू असो वा नसो. पण ‘कोंडी’ तशी नाही. अरुंद गल्लीत दोन्हीकडून गाड्या आल्या म्हणजे कोंडी होते. रात्री त्याच गल्लीत जाऊन पाहिले तर तेथे काहीही नसते. बेथेस्डा येथील शस्त्रक्रियागृहात अडथळ्याचा शोध चालला होता. आत होती ती कोंडी. धडधडणाऱ्या हृदयात आकुंचनाच्या मध्यावर ती उत्पन्न होई आणि आकुंचन संपताच नाहीशी होई. ‘अवरोध’ या भाववाचक नामाला काळ नसतो. क्रियापद वापरले असते तर ‘केव्हा?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा लागला असता.

‘केव्हा’चे उत्तर मिळण्यास प्रारंभ झाला तो दाबाच्या चंचलतेवरून. झडपेच्या खऱ्या अरुंदतेत दाबातील फरक बराचसा स्थिर असतो. येथे तो रुग्ण उभा राहिला, श्वास कोंडून त्याने जोर केला किंवा विशिष्ट औषध दिले, की भराभर वाढे आणि उकिडवे बसल्यावर उतरे. १९६१ मध्ये ब्रॉकेनब्रो, ब्राउनवाल्ड आणि मॉरो यांनी आणखी एक खूण दाखविली. अकाली ठोक्यानंतर येणारा ठोका अधिक जोराचा असतो. निरोगी हृदयात त्यामुळे नाडी मोठी होते, या विकारात ती उलट लहान होते. हृदय जितके जोराने पिळेल तितका मार्ग अधिक बंद होतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. हृदयाचा जोर वाढविणारे डिजिटॅलिससारखे औषध या रुग्णांना अपायकारक ठरते, हेही त्यावरून उलगडले.

या सुमारास नावांची फाटाफूट पक्की झाली. बेथेस्डाच्या गटाने १९६० मध्येच आपले आदल्या वर्षीचे नाव टाकून ‘स्वयंभू अतिवृद्धिजन्य अधोमहारोहिणी-संकोच’ हे लांबलचक नाव स्वीकारले. टोरंटोच्या डग्लस विगल यांना ‘स्नायुमय अधोमहारोहिणी-संकोच’ पसंत पडले. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधील जॉन गुडविन आणि सहकाऱ्यांनी वॉलेस ब्रिग्डेन यांच्या १९५७ च्या निबंधातील ‘हृत्स्नायुविकार’ हा शब्द उचलून ‘अतिवृद्ध अवरोधक हृत्स्नायुविकार’ असे नाव चालविले. कॅनडातील क्वेबेकमधील एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासात १९६१ साली परे आणि सहकारी यांनी ‘आनुवंशिक हृद्वाहिनी-दुर्घटन’ असे म्हटले. अमेरिकन नावाचा भर जागेवर, कॅनडातल्या पहिल्या नावाचा द्रव्यावर, इंग्रजी नावाचा संपूर्ण स्नायूच्या रोगावर. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता. ‘संकोच’ म्हटले की तो रुंद करण्याची इच्छा होते. ‘स्नायुविकार’ म्हटले की सगळाच स्नायू रोगी, मग त्यातला तुकडा काढून काय साधणार, असा प्रश्न पडतो. आश्चर्य हे की ज्या गावी हा दुसरा शब्द रूढ झाला त्याच गावी पहिली शस्त्रक्रिया झाली.

ती १९५८ मध्ये हॅमरस्मिथ येथे विल्यम क्लीलंड यांनी केली. महारोहिणीतून आत जाऊन त्यांनी जाड भिंतीचा मर्यादित भाग काढला. बेथेस्डा येथे मॉरो यांनी १९६० मध्ये आपली पद्धत सुरू केली, आणि १९६१ मध्ये ब्रॉकेनब्रो यांच्यासह दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हे प्रथम केवळ छेदन होते: फुगलेल्या स्नायूत चीर घ्यावयाची, तुकडा काढावयाचा नाही. टोरंटो येथे विल्फ्रेड बिगेलो यांनीही छेदनाचाच मार्ग धरला. त्याचे परिणाम विगल आणि क्रिसोहू यांच्यासह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या चिरेने दाबातील फरक उतरावा, ही गोष्ट तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. मेयो क्लिनिकमध्ये कर्कलिन आणि एलिस यांनी १९६१ मध्ये महारोहिणीबरोबर डावा निलयही उघडून अधिक मोकळ्या दृष्टीने स्नायू काढला. काहींनी डाव्या अलिंदातून, द्विदली झडप बाजूला सारून, वाट शोधली. निलयावर बाहेरून चीर घेण्याची किंमत अर्थातच त्या स्नायूला मोजावी लागे, आणि अखेर महारोहिणीची वाटच बहुतेकांनी पत्करली.

मॉरो यांच्या हाती या शस्त्रक्रियेला जे निश्चित रूप आले ते थोडे तपशिलाने पाहणे योग्य होईल. छातीचे हाड मधोमध उघडून रुग्णाचे रक्ताभिसरण यंत्राकडे सोपविले जाते. महारोहिणी उघडून तिच्या झडपेच्या पाकळ्या हळुवारपणे दूर करतात. त्या छिद्रातून खाली पाहिल्यावर डोळ्यांपुढे जाड भिंतीचा फुगवटा येतो. तो पूर्ण दिसत नाही, आणि आत दोन हात मावत नाहीत. उजव्या पाकळीच्या तळाखाली भिंतीत दोन समांतर उभ्या चिरा घ्यावयाच्या, वरच्या बाजूस त्या आडव्या चिरेने जोडावयाच्या, आणि मधली आयताकार पट्टी खालपर्यंत काढून घ्यावयाची. राहतो तो एक पन्हाळ. काढलेला स्नायू काही ग्रॅमच भरतो. पण या काही ग्रॅमांच्या चारही बाजूंना धोका आहे. उजवीकडे सरकावे तर हृदयाचा विद्युत्संदेश वाहून नेणारा तंतुजुडगा तुटून कायमचा हृद्रोध होतो. खोल जावे तर भिंतीला भोक पडून दोन निलय एकमेकांत उघडतात. वर झडपेला इजा पोहोचते. आणि या भीतीने हात आखडता घेतला तर अवरोध तसाच राहून रुग्णाला शस्त्रक्रियेचा धोका मात्र पुरा पत्करावा लागलेला असतो. छापील आकृतीवरून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असे तिचे जाणकार सांगत आले, त्याचे कारण हे.

साठच्या दशकात शस्त्रक्रिया थोड्या केंद्रांत रुजू लागली होती, तोच तिच्या पायाखालची जमीन काढून घेणारा आक्षेप आला. बाल्टिमोर येथील मायकेल क्रायली आणि सहकारी यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या निबंधाचे शीर्षकच ‘अवरोधावाचून दाबभेद’ असे होते. त्यांचे म्हणणे असे : हा निलय रिकामा होण्यास अडखळत नाही, उलट तो नेहमीपेक्षा लवकर आणि जवळजवळ पूर्ण रिकामा होतो. रिकाम्या झालेल्या पोकळीच्या भिंती एकमेकींवर दाबल्या जातात, त्यांत नळीचे टोक अडकते आणि मोजमापात मोठा दाब दिसतो. तो दाब स्नायूच्या मिठीचा आहे, अडलेल्या रक्ताचा नव्हे. हे खरे असेल तर शस्त्रक्रिया मृगजळावर केली जात होती. त्या काळी या शस्त्रक्रियेत मृत्यूचा संभव क्षुल्लक नव्हता. त्यामुळे हा वाद शब्दांचा असला तरी त्याचा निकाल माणसांच्या आयुष्यावर लागणार होता.

उत्तर मोजमापाच्या जागेत होते. बेथेस्डा येथील जॉन रॉस यांनी अलिंदांमधील भिंत सुईने भेदून डाव्या बाजूस नळी नेण्याची पद्धत आधीच बसविली होती. त्या वाटेने नळीचे टोक द्विदली झडपेच्या लगेच आत, म्हणजे निलयाच्या प्रवेशभागात ठेवता येते. तेथे स्नायूची मिठी बसत नाही. १९६६ मध्ये रॉस आणि सहकारी यांनी, आणि त्याच सुमारास टोरंटोच्या विगल यांनी, तेथेही दाब तितकाच उंच असल्याचे दाखविले. क्रायली यांनी वर्णिलेला प्रकार काही हृदयांत खरोखरच घडतो, हे मान्य करावे लागले; पण सर्व दाबभेद त्याने उलगडत नव्हता. क्रायली यांच्या आक्षेपाचे श्रेय म्हणून एक गोष्ट नोंदविली पाहिजे : त्यांनी प्रतिपक्षास ‘अवरोध’ या शब्दाची व्याख्या करण्यास भाग पाडले. तोपर्यंत ती कोणी केलेली नव्हती.

कोंडी नेमकी कशाने होते, याचा उलगडा शस्त्रक्रियागृहाबाहेर झाला. १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे प्रवीण शहा, ग्रॅमिअक आणि क्रॅमर यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने धडधडणाऱ्या हृदयातील झडपेची हालचाल टिपली. आकुंचनाच्या वेळी मागे राहावयाची द्विदली झडपेची पुढील पाकळी या रुग्णांत पुढे झेपावते आणि जाड भिंतीला जाऊन टेकते. भिंत ही दाराची चौकट झाली, पण दार लावते ती पाकळी. मेलेल्या हृदयात दार उघडेच राहणार. थांबविलेल्या हृदयात बोटाला काही लागणार नाही. दहा वर्षांपूर्वीचा बेथेस्डा येथील पेच असा सुटला. काही ग्रॅम स्नायू काढल्याने काय होते, तेही कळले: बोळ रुंद होतो, रक्ताच्या झोताची दिशा बदलते, आणि पाकळीला भिंतीकडे ढकलणारा रेटा कमी होतो. दार लावणारी पाकळीच दोषी असेल तर ती काढून कृत्रिम झडप का बसवू नये, असा तर्क साहजिकच निघाला. ह्यूस्टनच्या डेन्टन कूली यांनी सत्तरच्या दशकात तो अमलातही आणला. अवरोध जाई, पण रुग्णाच्या वाट्याला कृत्रिम झडपेचे आजन्म ओझे येई. निर्दोष झडपेचा बळी देणारा हा उपाय सरसकट रूढ झाला नाही, हे चांगलेच झाले.

औषधांची वाट १९६४ पासून उघडली. हृदयाचा जोर आणि वेग कमी करणाऱ्या बीटा-रोधकांनी पुष्कळांना आराम पडला, आणि शस्त्रक्रिया ही औषधांनी न भागणाऱ्यांपुरती राखून ठेवण्याचा संकेत रूढ झाला. मॉरो यांनी १९७५ मध्ये ८३ रुग्णांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे मोजमाप प्रसिद्ध केले आणि १९७८ मध्ये आपल्या पद्धतीचे सविस्तर वर्णन लिहिले. शस्त्रक्रियेला त्यांचे नाव लाभले. ज्या रोगावर ती होती तो त्यांना स्वतःलाही होता, आणि १९८२ साली साठीच्या उंबरठ्यावर त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात मर्गो यांचा लेख आला. या विकारात निर्गमनमार्गाचा अवरोध असतो काय, हा प्रश्नच त्याचे शीर्षक होते. पंचवीस वर्षे उलटली तरी प्रश्न संपलेला नव्हता.

मध्यंतरी नावातूनच अवरोध निघून गेला होता. सर्व रुग्णांत अवरोध नसतो, हे श्राव्यातीत तपासणीने दाखविले. म्हणून १९७९ मध्ये मॅरन आणि एप्स्टाईन यांनी नामावलीचा आढावा घेऊन ‘अतिवृद्ध हृत्स्नायुविकार’ एवढेच नाव पुरस्कारिले, आणि जागतिक पातळीवरील वर्गीकरणातही तेच आले. शास्त्रीय दृष्ट्या हे नाव अधिक निर्दोष आहे, यात शंका नाही. तथापि त्याचा एक परिणाम झाला. विशेषण गळाले की ते व्यक्त करीत असलेली गोष्टही दुय्यम वाटू लागते. अवरोध हा रोगाचा गाभा नसून त्याची एक शक्य अवस्था ठरला. आणि विश्रांतीच्या स्थितीत केलेल्या तपासणीत तो न दिसल्यास शोधही थांबू लागला. नव्वदच्या दशकात शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून प्रथम विद्युत्-गतिकारक यंत्राचा गाजावाजा झाला. यादृच्छिक चाचण्यांत त्याच्या गुणाचा मोठा वाटा रुग्णाच्या विश्वासाचा निघाला. १९९५ मध्ये लंडन येथून उलरिख सिगवार्ट यांनी तीन रुग्णांचा वृत्तांत दिला: भिंतीस रक्त पुरविणाऱ्या लहान रोहिणीत मद्यार्क सोडून तेवढाच स्नायू मारावयाचा. छाती न उघडता होणारा हा उपाय झपाट्याने पसरला, आणि मुळातच थोड्या असलेल्या शस्त्रक्रियेच्या शाळा आणखी ओस पडल्या.

अवरोधाचे पुनरागमन झाले ते आकड्यांच्या वाटेने. २००३ मध्ये १,१०१ रुग्णांच्या अभ्यासात अवरोध असणाऱ्यांचे भवितव्य अधिक वाईट असल्याचे आढळले. २००६ मध्ये ३२० रुग्णांना व्यायाम देऊन तपासले असता, विश्रांतीत ३७ टक्क्यांत दिसणारा अवरोध एकूण ७० टक्क्यांत निघाला. म्हणजे नावातून गाळलेले विशेषण बहुसंख्यांना लागूच होते. फक्त त्यांना चालावयास लावून पाहिले पाहिजे होते. मेयो क्लिनिक व सहयोगी केंद्रांनी २००५ मध्ये १,३३७ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांतील २८९ जणांवर शस्त्रक्रिया झाली होती. दहा वर्षांनी त्यांपैकी ८३ टक्के हयात होते. अवरोध असून शस्त्रक्रिया न झालेल्या २२८ जणांत हे प्रमाण ६१ टक्के होते. हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, शस्त्रक्रियेला धडधाकट रुग्णच अधिक निवडले जातात, ही शंका घेण्यास जागा आहे आणि ती घेतलीही गेली. परंतु शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान सामान्य लोकांच्या बरोबरीचे निघावे, ही गोष्ट ‘सगळाच स्नायू रोगी, तुकडा काढून काय साधणार’ या जुन्या प्रश्नाला दिलेले बरेच सबळ उत्तर आहे. निष्णात केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण आता एक टक्क्याच्या आत आहे. क्वचितच करणाऱ्या केंद्रांत ते त्याच्या अनेक पट असते.

‘स्वयंभू’ हे विशेषणही आता लागू राहिलेले नाही. १९९० मध्ये हार्वर्ड येथील सायडमन दांपत्याच्या गटाने स्नायूतील मायोसिन प्रथिनाच्या जनुकातील दोष या विकाराचे कारण असल्याचे दाखविले. त्यासाठी उपयोगी पडलेले कुटुंब १९६१ मध्ये परे यांनी वर्णिलेले क्वेबेकमधील कुटुंबच होते. भारताचा संबंध २००९ मध्ये आला. हैदराबादच्या कोशिकीय एवं आण्विक जीवविज्ञान केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि अनेक देशांतील सहकारी यांनी दाखविले की मायोसिनाशी बद्ध असणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातून २५ घटकांचा तुकडा गळालेला असण्याचे प्रमाण भारतीय उपखंडातील लोकांत सुमारे चार टक्के आहे. हा दोष असणाऱ्या प्रत्येकास रोग होतो असे मुळीच नाही. तथापि मराठीत या विकाराची परिभाषा घडविणे ही केवळ कोशकारांची हौस राहत नाही, हे त्यावरून दिसते.

२०२२ मध्ये मायोसिनाचीच पकड सैल करणारे मॅव्हाकॅम्टेन हे औषध अमेरिकेत मान्य झाले. शस्त्रक्रिया किंवा मद्यार्काचा उपाय यांसाठी पाठविलेल्या ११२ रुग्णांच्या चाचणीत, सोळा आठवड्यांनंतर तशा उपायास पात्र राहिलेले किंवा तो पत्करलेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत १७.९ टक्के होते, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ७६.८ टक्के. जाड भिंतीला हात न लावता केवळ आकुंचनाचा जोर उतरवून कोंडी फोडणारे हे औषध ब्रॉक यांच्या ‘क्रियात्मक’ या शब्दाची आठवण करून देते. मात्र ते चालू ठेवावे लागते, आणि जोर प्रमाणाबाहेर उतरू नये म्हणून हृदयाची तपासणीही वेळोवेळी करावी लागते.

शस्त्रक्रिया जेथे होते तेथे तिचा शेवटचा टप्पा आता असा असतो. पट्टी काढून झाली, महारोहिणी शिवली, हृदय पुन्हा धडधडू लागले की रुग्णास यंत्रावरून उतरवितात. मग निलयात आणि महारोहिणीत एकाच वेळी सुया टोचून दोन्ही दाब मोजतात, आणि तेवढ्यावर न थांबता जोर वाढविणारे औषध देऊन किंवा मुद्दाम अकाली ठोका उत्पन्न करून पुन्हा मोजतात. श्राव्यातीत चित्रात पाकळी अजूनही भिंतीकडे झेपावत असेल आणि दाबांत फरक उरला असेल, तर रुग्णाला पुन्हा यंत्रावर घेऊन पन्हाळ खाली अधिक लांब करतात.